मागचं चाक गटारात, दार खांबाला टेकलंय, गाडी कशी काढू? (निघाली! शेवटी लिहिलंय)

अर्धवट_पुणेकर (शुक्रवार, रात्री १०:४८)

मंडळी जरा अर्जंट आहे. मोबाईलवरून फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दांत सांगतो, नीट वाचा आणि हसू नका, घरात ऑलरेडी हसून झालंय.

कोथरूडमधली जुनी सोसायटी, खाली स्टिल्ट पार्किंग. माझी जागा खांबांच्या ओळीला लागून. त्या ओळीला चिकटून पावसाच्या पाण्याचं गटार जातं, दहा इंच रुंद, साधारण नऊ इंच खोल, वर लोखंडी जाळ्या, तीन-तीन फुटांच्या, नुसत्या ठेवलेल्या. आज रिव्हर्स घेत होतो, बाहेर धो धो पाऊस, मागच्या काचेवर वाफ, आणि नेमकी एक जाळी जागेवर नव्हती. कुठे गेली देव जाणे. धप्प. डावं मागचं चाक सरळ आत. गाडी डावीकडे कलली आणि मागचं दार खांबाला जाऊन टेकलं, म्हणजे दाराचं हँडल आणि चाकावरची कमान यांच्या मधला भाग.

आता परिस्थिती अशी आहे की २०१६ची स्विफ्ट पेट्रोल, मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणारी. पोट गटाराच्या काठावर बसलंय. एकदाच अर्धा इंच पुढे घेतली तर खांबाकडून असा करर्र आवाज आला की माझ्याच दातांत कळ गेली, तिथेच थांबलो. आणि पुढे जाणार तरी कुठे, चाकापासून वीतभर पुढे दुसऱ्या जाळीचा अँगल आहे, चाक त्याला अडणार. मागे चेंबर. डिकीतला जॅक पोटाखाली जातच नाही कारण जागाच नाही. उजवीकडे शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा, ती हलवता येईल, म्हणजे त्या बाजूला पाच-सहा फूट मोकळे मिळतील.

उद्या चारला सासूबाईंना आणायला स्टेशनवर जायचंय. समोरच्या साइटवर एक बोलेरो उभी असते, ड्रायव्हर ओळखीचा आहे, दोरी लावून ओढू का?

कट्टेकरी (रात्री १०:५५)

सासूबाईंना रिक्षा करा. धागा संपला.

बारातेरा_पाना (रात्री ११:०२)

वडू नका वडू नका वडू नका. तीनदा लिवलंय.

माझं सांगलीला गॅरेज हाय, अशा गाड्या आमच्याकडं अडकल्यामुळं कमी आन वडल्यामुळं जास्त येत्यात. उसाच्या सीझनला एकानं ट्रॅक्टर लावून चरीतनं काढली, गाडी निघाली पण मागचा बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) वाकडा करून निघाली. तुमच्या चाकाला म्होरं अँगल हाय म्हणताय, बोलेरोनं वडलं की चाक अँगलावर चढणार न्हाई, बीम मागं दाबला जाणार. आन खांब तोवर दारापासनं टेललॅम्पपर्यंत रेघ वडत येणार. एक दार रंगवायचं काम हाय ते दोन पॅनेल ठोकायचं होतंय.

आन ते टोइंगचं हुक असतंय ना, ते सरळ वडायसाठी असतंय. तिरकं वडलं तर वाकतंय न्हाईतर तुटतंय, आन ताणल्याली नायलॉनची दोरी तुटली तर चाबकागत मागं येतीया. आमच्या हितं एकाच्या हनुवटीला सात टाके पडल्यात.

अर्धवट_पुणेकर (रात्री ११:०६)

बरं ओढत नाही. पण मग काढायची कशी? क्रेनवाल्याला फोन केला, तो म्हणाला साडेतीन हजार घेईन पण स्लॅबखाली माझी क्रेन येणारच नाही, गाडी बाहेर आणून द्या मग उचलतो. म्हणजे काय बोलणार आता. विम्याबरोबर मदतीची सेवा आहे ती फ्लॅटबेड पाठवते म्हणाले, त्यांची केबिनच आत शिरणार नाही, आमच्या पार्किंगची उंची जेमतेम आठ फूट, त्यात खालून ड्रेनेजचे पाइप.

संत्रानगरी (रात्री ११:१५)

बाहेर आणून द्या म्हणे 😂 भाऊ, हे तर असं झालं का पेशंट बरा करून आणा मग ऑपरेशन करतो. आमच्या इथं नागपूरले पाच-सहा पोट्टे बोलावतो आन मागून उचलून बाजूला ठेवतो, विषय खतम. तुम्ही लोकं गणित करत बसून राहिले.

निवृत्त_नटबोल्ट (रात्री ११:२४)

संत्रानगरी, पोट्टे आणि गणित यांचं वैर नाही. मांडून बघू.

गाडी साधारण हजार किलो. पुढे इंजिन असल्याने मागच्या दोन चाकांवर चारशेच्या आसपास. सहा पोरं उचलतील, शक्य आहे. पण उचलणार कुठे धरून? डावीकडे खांब, तिथे माणूस उभा राहू शकत नाही. मागचा बंपर प्लास्टिकचा, क्लिपांवर बसवलेला, तो हातात येईल. आणि उचलताना एकाचा जरी पाय त्या ओल्या गटारात गेला तर काय होईल ते लिहीत नाही.

अर्धवट, तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही ती एकच समजताय. पहिलं काम वर आणणं, दुसरं उजवीकडे सरकवणं. पुढे नेणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं, ते गाडी स्वतः करेल. सगळे लोक शेवटचं काम आधी करायला जातात आणि दार गमावतात.

रात्रीत काही करू नका. फक्त खांब आणि दार यांच्या फटीत काहीतरी पातळ आणि गुळगुळीत सरकवून ठेवा. आणि बोनेटपाशी उभं राहून एकदा टॉर्चने खाली बघा, पोट नक्की कुठे टेकलंय, दारांखालच्या उंबऱ्याच्या पत्र्यावर की आणखी आत. सगळं त्यावर आहे.

अर्धवट_पुणेकर (रात्री ११:५०)

बघून आलो. पालथा झोपलो होतो पार्किंगमध्ये, वॉचमनला वाटलं चक्कर आली.

दारांच्या खाली जी पत्र्याची कड असते, जिला जॅक लावायच्या दोन खाचा असतात, ती कड काठाच्या आतल्या अंगाला आहे, म्हणजे बरोबर गटाराच्या वर. टेकलाय तो तिच्या आतला चपटा भाग. चाक गटाराच्या तळाला टेकलंय, हाताने फिरत नाही. (हँडब्रेक सोडून पाहिलं, परत लावला. आता घट्ट ओढून ठेवलाय, फर्स्टमध्ये आहे.)

फटीत सरकवायला पुठ्ठा गेला नाही. शेवटी बाबांच्या गुडघ्याचे एक्सरे सापडले, जुन्या फिल्मवाले. दोन फिल्म अलगद आत गेल्या. आता खांब आणि दार यांच्या मध्ये २०११ सालचा डावा गुडघा आहे.

कट्टेकरी (रात्री ११:५३)

हाड मोडलं तरी कळेल लगेच.

ओटीवर_बसून (शनिवार, सकाळी ६:३०)

रात्री झोपलो होतो म्हणून उशिरा लिहितोय. आमच्याकडे गुहागर बाजूला चार वर्षांपूर्वी असाच प्रकार. मुंबईचे पाहुणे आले, गणपतीचे दिवस, अंगणात पाच गाड्या, एकाने रिव्हर्स घेताना गडग्यावर घातली. जांभ्याचा गडगा, चिऱ्यावर चिरा नुसता रचलेला. मागची दोन्ही चाकं पलीकडच्या कुणग्यात (भातखाचरात) लोंबकळतायत आणि पोट गडग्यावर, गाडी अक्षरशः तराजूसारखी डुलत होती. आत दोन पोरं बसलेली. पहिलं काम केलं ते म्हणजे पोरांना पुढच्या दाराने उतरवलं, पण एकदम नाही, आधी चौघं बोनेटवर रेलले, मग पोरं. मागे वजन कमी झालं की तोंड आपटेल, पुढचं वजन कमी झालं की मागे जाईल, तिथे डोकं शांत लागतं.

मग वडिलांनी माडाचा ओंडका मागवला, वादळात पडलेला होता. लांब वासा घेतला पंधरा फुटी, खाली ओंडका आडवा टेकू म्हणून, गाडीच्या जवळ, आणि या टोकाला आम्ही तिघं लोंबकळलो. इंच इंच उचलायचं आणि खाली चिरे भरायचे, उचलायचं आणि भरायचं. दीड तास लागला. निघाली. जांभ्याने पोटाला लाल रंग लावला तेवढंच.

तुमच्याकडे वासा फिरवायला जागा नाही, पण भरण्याची गोष्ट लक्षात ठेवा. जेवढं उचललं तेवढं लगेच खाली भरायचं. जॅकवर कोणी विश्वास ठेवायचा नाही, भरलेल्यावर ठेवायचा.

ठाणेकरीण (सकाळी ७:१०)

पार्किंगमधलं म्हणाल तर घाटकोपरची गाडी आठवते का, २०२१ चा जून, उभी गाडी नाक खाली करून जमिनीत गडप झाली तो व्हिडिओ? जुनी विहीर होती, वर काँक्रीट टाकून पार्किंग केलेलं. पाण्याचा उपसा करून मग क्रेनने काढली. त्यामानाने तुमचं नऊ इंचांचं गटार म्हणजे पुण्यच म्हणायचं.

मी विमा क्षेत्रातली, म्हणून कामाचं सांगते. आत्ताच्या आत्ता, काही हलवायच्या आधी, चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, जाळी नसलेली जागा त्यात दिसली पाहिजे. पण क्लेम घाईने टाकू नका. तुमचा पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळत असेल. एक क्लेम केला की ती पुढच्या वर्षी शून्यावर येते, सूट वाचवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. एका दाराला रंग द्यायचा खर्च आणि गेलेली सूट, दोन्ही कागदावर मांडा मग ठरवा. आणि नुसता थर्ड पार्टी असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा, त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही.

म्युनिकचा_मावळा (सकाळी ८:०५, इकडे मध्यरात्र उलटून गेलीय, झोप येत नाहीये)

इकडे अशा वेळी चाकांखालच्या ट्रॉल्या आणतात. पायाने पॅडल मारलं की दोन रोलर टायरला दोन्हीकडून चिमटतात आणि चाक वर येतं, खाली छोटी फिरती चाकं, मग गाडी खेकड्यासारखी आडवी ढकलायची. मी एडीएसीच्या (इकडचा वाहनचालकांचा क्लब, रस्त्यात मदतीला येतो) माणसाला एकट्याने गाडी भिंतीपासून बाजूला घेताना पाहिलंय, घाम पण नाही आला त्याला. पण त्याला सपाट जमीन लागते, गटारात उपयोग शून्य. म्हणजे नटबोल्ट काकांचं पहिलं काम झाल्यावर दुसऱ्याला चालेल. पुण्यात कार डिटेलिंगवाल्यांकडे असू शकतात, विचारून बघ.

बारातेरा_पाना (सकाळी ८:२०)

आता मेन. खाच गटाराच्या वर आली म्हणजे देव पावला. जॅक गटारात उतरवायचा, काठावर न्हाई.

डिकीतला कात्री जॅक नको, तो पंक्चरसाठी हाय. कुणाकडनं तरी दोन टनी बाटली जॅक आणा, टेम्पोवाल्याकडं असतोयच. बाटली जॅक बंद असताना सात इंचाच्या आसपास भरतोय, तुमचं गटार नऊ, म्हंजे खाली एक इंची फळी आन वर लाकडाचा ठोकळा मावतोय. फळी पायजेच, गटाराचा तळ गुळगुळीत आन चिखलाचा असतोय. जॅकला जागा कमी पडली तर पुढची जाळी काढा की, ती काय जन्माची चिकटलीया? त्यानं चाकाम्होरला अँगल बी जातोय.

मागच्या बीमच्या मधोमध जॅक लावायचा न्हाई. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असती, तिकडं तर बघायचं बी न्हाई. फक्त खाच.

आन साहेब, हँडब्रेक घट्ट वडून ठेवलाय म्हणालासा, छान. पर हँडब्रेक मागच्या चाकांवर असतोय. एक मागचं चाक हवेत, दुसऱ्याखाली पत्रा घालणार, मग गाडी धरणार कोण? म्होरच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडनं लाकडी पाचर. वीट न्हाई. वीट दाबाखाली न सांगता फुटती.

अर्धवट_पुणेकर (सकाळी ८:२६)

पत्रा? कुठला पत्रा?

निवृत्त_नटबोल्ट (सकाळी ८:४५)

तो माझा मुद्दा होता, पाना पुढे गेले, काही हरकत नाही, गॅरेजवाल्याला आधी सुचतं.

गाडी वर आली, गटारावर जाड फळ्या आडव्या टाकून चाक त्यांवर टेकलं, तरी ती खांबापासून फार तर दोन-तीन इंचांवर असेल. पुढे घेताना मागचा भाग घासणार. म्हणून शेपूट उजवीकडे न्यायची. कोरड्या काँक्रीटवर रबराचं घर्षण भरपूर, वजनाच्या सत्तर टक्के धरा. चारशे किलोला आडवं सरकवायला दोनशे ऐंशी किलोचा जोर, तोही खांबाच्या अडचणीत. नाही जमणार. पण चाकाखाली पत्र्यावर पत्रा ठेवला आणि दोघांच्या मध्ये साबणाचं पाणी किंवा ग्रीस, तर घर्षण पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. साठ-ऐंशी किलो. म्हणजे दोन माणसांचा धक्का. दोन्ही मागच्या चाकांखाली करायचं, नाहीतर एक घसरेल आणि एक हट्ट करेल.

आणखी एक. गाडी उचलाल तसं चाक लगेच वर येणार नाही. स्प्रिंग मोकळी होत जाते आणि चाक खालीच लोंबत राहतं, तीन-चार इंच. सहा इंच उचलून चाक अजून गटारात, असं पाहून लोकांचा धीर सुटतो. सुटू देऊ नका.

संत्रानगरी (सकाळी ८:५८)

काकाजी मानलं. पण पोट्ट्यांचा धक्का शेवटी लागलाच ना? मीच बरोबर होतो 😎

कट्टेकरी (सकाळी ९:१५)

रेवदंड्याच्या वाळूत फेरारी रुतली होती ती बैलगाडीने ओढून काढली, व्हिडिओ पाहिला असेल सगळ्यांनी. कोथरूडमध्ये बैल कुठे मिळतील?

ठाणेकरीण (सकाळी ९:१७)

कट्टेकरी, तुम्ही जवळपासच राहता ना? जा मदतीला.

(यानंतर बैल, पुणेकर आणि पार्किंगच्या पाट्या यांवरचे एकवीस प्रतिसाद संपादकांनी गप्पांच्या पानावर हलवले आहेत.)

अर्धवट_पुणेकर (शनिवार, दुपारी ३:१०)

निघाली!!!

सविस्तर लिहितो कारण तुमच्यापैकी निम्मे लोक अजून निरोपातून विचारतायत.

सकाळी दहाला सुरुवात. शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे, गेले दोन वर्षं त्यांच्या धुळीला शिव्या देतोय, आज तेच कामी आले. तिथल्या मिस्त्रींना दाखवायला आणलं. लातूरचे आहेत, वय साठीच्या आसपास. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही, आधी गटार पाहिलं, हात घालून तळ चाचपला, मग म्हणाले "फळ्या लागतील सेंट्रिंगच्या, पहार लागंल, आन तुम्ही जरा बाजूला." मी मोबाईलवर नटबोल्ट काकांचा प्रतिसाद वाचून दाखवायला लागलो तर अर्धा ऐकून म्हणाले बरोबर सांगितलंय, कोण आहेत हे, मिस्त्री का? काका, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळणार नाही.

ॲक्टिव्हा हलवली. पुढच्या चाकांना चार पाचरी, साइटवरच्याच. पुढची जाळी गंजून बसलेली, पहारीने दोन ठिकाणी उचकटली तेव्हा सुटली, खालून गेल्या कित्येक पावसाळ्यांचा गाळ, एक टेनिसचा बॉल आणि माझ्याच गाडीचं हरवलेलं व्हीलकॅप निघालं. २०१९ मध्ये हरवलेलं!

जॅक भाजीच्या टेम्पोवाल्याने दिला. गटारात फळी, फळीवर जॅक, जॅकवर ठोकळा, ठोकळा खाचेला. पहिले चार-पाच इंच भरभर आले. आणि अगदी काका म्हणाले तसं झालं, चाक ढिम्म. गाडी वर चाललीय आणि चाक तिथेच लोंबतंय, मला वाटलं काहीतरी तुटलं. मिस्त्रींनी पोटाखाली दोन ओंडके भरले, जॅक उतरवला, खाली आणखी एक फळी घातली, पुन्हा लावला. ओटीवरवाले दादा, तुमचं वाक्य त्यांना सांगायची गरजच पडली नाही, ते तसंच करत होते. दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी एक युक्ती केली जी इथे कोणी लिहिली नव्हती. सामान बांधायचा पट्टा घेतला, चाकाच्या रिमच्या भोकातून ओवला आणि वर मागचं दार उघडून, म्हणजे खांबामुळे ते उघडत नव्हतं, तर उजव्या दारातून आत जाऊन डाव्या काचेतून बाहेर काढून, छतावरून फिरवून बांधला, खाली छताला टॉवेल. आता गाडीबरोबर चाकही वर यायला लागलं. एवढ्या एका पट्ट्याने एक पूर्ण खेप वाचली.

जशी गाडी सरळ होत गेली तसं दार खांबापासून आपोआप सुटत गेलं. हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं, ती कललेली होती म्हणून टेकली होती ना. एक्सरे सुळ्ळकन खाली पडले. खांबावरचा डिस्टेंपर फिल्मवर आलाय, दारावर नाही. दाराला काल मीच अर्धा इंच पुढे घेतली होती ती एक रेघ, बोटभर लांब. तेवढीच. ती रेघ बघून मला रात्री त्या बोलेरोचं काय ठरवत होतो ते आठवून घाम फुटला.

तिसऱ्या खेपेला चाक वर. गटारावर दोन इंची फळ्या आडव्या, चाक टेकवलं, पट्टा सोडला. मग दुसरं काम. जुन्या तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून सपाट केले, दोन डावीकडे दोन उजवीकडे, मध्ये काय घालायचं यावर चर्चा झाली, ग्रीसला मिस्त्री नाही म्हणाले, फरशीला लागलं की जात नाही. मग आमच्याकडची कपड्यांची पावडर, पाव किलो, थोडं पाणी घालून चिकट लगदा. उजव्या चाकाला माझाच कात्री जॅक चालला, तिकडे जागा होती. कट्टेकरी खरंच आला होता (धन्यवाद रे, आणि तू प्रत्यक्षात इतका कमी बोलतोस?), तो आणि वॉचमनचा मुलगा मागच्या कोपऱ्यावर, मिस्त्री पहार घेऊन खांबापाशी. खांबावर प्लायवूडचा तुकडा, पहार त्यावर टेकवून टोक टायरच्या कडेला. "हां... हां... बास." गाडीची शेपूट लोण्यातून सुरी जावी तशी उजवीकडे गेली. मोजून सहा इंच. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. पहारीचा असा तोरा मी आजवर पाहिला नव्हता.

मग मी बसलो, स्टार्ट, फर्स्ट, आली बाहेर. एकूण वेळ दोन तास चाळीस मिनिटं, त्यातला पाऊण तास जाळीने आणि जॅक शोधण्याने खाल्ला.

मिस्त्री पैसे घेईनात, शेवटी त्यांच्या पोरांच्या हातात हजार दिले आणि सगळ्यांना पोहे, चहा. आता स्टेशनला निघतोय.

बारातेरा_पाना (दुपारी ३:२५)

एक नंबर. तो पट्टा आम्ही बी वापरतोय, लिवायचं राह्यलं बघा. आता एवढं करा, चाळीसच्या वर पळवू नका आन सोमवारी अलाइनमेंट तपासून घ्या. मागचं डावं चाक आदळलंय, रिमची आतली कड बघा हात फिरवून, टायरला आतनं फुगा आलाय का बघा. बाहेरनं दिसत न्हाई.

ओटीवर_बसून (दुपारी ४:०२)

छान झालं. मिस्त्रींना नमस्कार सांगा.

निवृत्त_नटबोल्ट (दुपारी ४:४०)

पट्ट्याची युक्ती मला सुचायला हवी होती. रिमच्या भोकातून ओवताना ब्रेकचा पाइप सांभाळला असेल अशी आशा. सहा इंच सरकायला जोर किती लागला असं वाटलं? कट्टेकरी, तुम्ही सांगा.

कट्टेकरी (दुपारी ५:१५)

काका, फ्रीज सरकवण्याएवढा. माझ्या आईचा फ्रीज यापेक्षा जड जातो, पण त्याच्याखाली पावडर नसते.

ठाणेकरीण (संध्याकाळी ६:००)

जाळीचं काय झालं? सोसायटीला लेखी द्या, फोटोसकट. उद्या तिथे एखादं लहान मूल पडलं तर रंगाच्या रेघेवर भागणार नाही.

अर्धवट_पुणेकर (रात्री ९:३०)

जाळी सापडली! पहिल्या मजल्यावरच्या काकांनी जिन्याच्या पायऱ्यांवरून सायकल चढवायला रॅम्प म्हणून नेली होती, मेमध्ये, "पावसाळ्याआधी परत ठेवणार होतो." आत्ता दोघांनी मिळून खाली आणून बसवली. सेक्रेटरींना पत्र दिलंय, ते म्हणाले सगळ्या जाळ्या बिजागरी लावून साखळीने बांधू, सभेत विषय घेऊ. सभा डिसेंबरमध्ये असते.

सासूबाईंना आणलं. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या पावडरचा वास येतोय, गाडी धुतलीस वाटतं.

ठाणेकरीण (रात्री ९:३४)

बरं आठवलं, पावडर धुतलीत ना फरशीवरची? दुचाकीवाले येतात तिथून.

अर्धवट_पुणेकर (रविवार, सकाळी ७:०५)

नाही धुतली. रात्री पुन्हा पाऊस झाला, पाणी आत आलं. सकाळी साडेपाचपासून गटाराच्या सगळ्या जाळ्यांमधून गुडघाभर फेस वर येतोय, दूधवाला सायकल हातात धरून पार्किंगच्या दारात उभा आहे, आत यायला तयार नाही. मी खराटा घेऊन खाली चाललोय.